चुलीला सांगितलेलं नाव

पहिलं अंजीर माझ्या कपाळावर बसलं, दुसरं कानावर. मग एक अक्रोड नेमका टाळूवर आला आणि माझ्या तोंडून आमच्या भाषेतली अशी शिवी गेली, की त्या घरात ती कुणाला कळली नाही हे माझं नशीब.

"हलू नकोस गं बये!" समोरची म्हातारी खेकसली. तिच्या कमरेवर सूप होतं. त्यात सुकी अंजिरं, खजूर, अक्रोड, बदाम. मूठमूठ भरून ती माझ्या डोक्यावर ओतत होती. "मान खाली. चुलीकडे बघ. आणि हसू नकोस."

हसत होतं कोण? मला रडू फुटायचं बाकी होतं. त्या सकाळी अथेन्सच्या बाजारात लाम्पोन नावाच्या कुंभाराने मला विकत घेतलं होतं. स्वतः त्याला कुणाकडे तरी रांजण पोचवायचे होते, म्हणून मला त्याने गाढववाल्याबरोबर पुढे घरी धाडलं. उंबरा ओलांडते न ओलांडते तोच या बाईने दंडाला धरून मधल्या दालनातल्या चुलीपाशी मला खाली बसवलं आणि हा मारा सुरू केला. मला वाटलं, नव्या दासीची टिंगल करायची यांच्याकडे पद्धत असावी. कोपऱ्यातून दोन चिमुरड्या मुली धावत आल्या आणि माझ्या गुडघ्यांखाली हात घालून अक्रोड वेचायला लागल्या. एकीने तर माझ्या केसांत अडकलेला बदामही ओढून काढला.

माझा आधीचा मालक गलबतवाला होता. त्याच्याकडे मी दोन वर्षं दळण दळलं, मोडकंतोडकं ग्रीक शिकले. पण तो जेवायला वाढताना हात आखडणारा, तो अंजिरं कुठून उधळणार! त्यामुळे हा प्रकार मला अगदी नवा होता.

आणि माझ्या मांडीवर एक गाठोडं होतं. खाली बसताक्षणीच म्हातारीने ते माझ्याकडे दिलं होतं. "धर जरा. माझे हात मोकळे हवेत," एवढंच म्हणाली होती. मला वाटलं, धुण्याचे कपडे असतील. त्या गाठोड्यावर एक खजूर पडला आणि गाठोडं ट्यांहां करून रडलं.

"आजी, यात मूल आहे!" मी म्हटलं.

"माहीत आहे मला. माझीच नात आहे ती."

तिने शेवटची मूठ भरली. ही मात्र तिने फेकली नाही. वाकून, हलक्या हाताने, त्या बाळाच्या दुपट्यावर ती सोडली. एक अंजीर तर बाळाच्या छातीवर नीट ठेवलं. मग चुलीकडे वळून पुटपुटली, "हेस्तिये, या दोघी आजपासून तुझ्या."

दोघी? मला वाटलं, माझं ग्रीक कच्चं आहे.

म्हातारीचं नाव फनोस्त्राती. लाम्पोनची आई. विधी उरकला तशी ती गुडघे धरत माझ्याशेजारी बसली आणि तिने एक अंजीर माझ्या हातात कोंबलं. "खा. वाळून लाकूड झालीयेस. आमच्याकडे नवं माणूस घरात आलं की चुलीपाशी बसवून असं गोड ओतायचं. चुलीत हेस्तिया राहते. तिने घेतलं, म्हणजे घराने घेतलं."

"सगळ्या दासींना असंच करतात?"

"दासीला करतात आणि नव्या नवरीलाही करतात. मलाही याच चुलीपाशी बसवलं होतं. माझ्या सासूने एक अक्रोड असा मारला होता, की दुसऱ्या दिवशी पाहुण्यांत मी टेंगूळ घेऊन मिरवले." ती फिस्सकन हसली. "नवरी काय नि दासी काय, परक्या घरातूनच यायचं. अंजिरं तीच."

बाळ गप्प झालं होतं. माझं बोट त्याने घट्ट धरलं होतं आणि सोडायला तयार नव्हतं. आमच्या घरी धाकटी तीन भावंडं मी कडेवर वाढवली होती, तेव्हा बाळांची मला सवय होती. पण हे बोट सोडवून घ्यायचं माझ्याही मनात आलं नाही.

"हिची आई कुठे आहे?"

फनोस्त्रातीने हनुवटीने आतल्या पडद्याकडे दाखवलं. "मिर्रिनी. माझी सून. बाळंत झाल्यापासून एक शब्द बोललेली नाही." आणि मग दाराशी ठेवलेल्या एका मडक्याकडे बघून म्हणाली, "ते बघितलंस?"

मडकं मोठ्या तोंडाचं, सुबक होतं. काठावर बोटाने काढलेली लाटांची नक्षी. आत मऊ लोकर अंथरलेली होती.

"माझ्या लेकाने बनवलंय. तीन दिवस खपत होता. लोकरही त्यानेच निवडली." म्हातारीचा आवाज खाली आला. "आमच्याकडे मूल जन्मलं म्हणजे घरात आलं, असं नाही गं पोरी. पाचव्या दिवशी बापाने त्याला उचलून या चुलीभोवती फेरा मारायचा. मारला, तर ते त्याचं. नाही मारला, तर..." तिने पुन्हा मडक्याकडे पाहिलं. "दोन मुली आधीच्या आहेत. तिसरीला हुंडा कुठून आणू, म्हणतो. उद्या पाचवा दिवस."

माझा घास तोंडातच राहिला.

"मग मला कशाला आणलं? मलाही खायला लागतंच की."

"तुला हुंडा लागत नाही," म्हातारी म्हणाली.

उन्हं कलती झाली तेव्हा लाम्पोन आला. मी मनात एक राक्षस उभा केला होता. आला तो एक थकलेला, कोपरापर्यंत माती वाळलेला माणूस. आणि एवढा देवभोळा, की त्याला दारातून चुलीपर्यंत यायला चांगलाच वेळ लागला. दारापुढे हर्मीसचा दगडी खांब होता, त्याच्यावरची धूळ त्याने अंगवस्त्राच्या टोकाने पुसली. उंबऱ्याआत येऊन हात धुतले. कोठीत झ्यूस एका छोट्या रांजणात राहायचा, त्याला डोकावून नमस्कार केला. मग चुलीत सातूचे दाणे टाकले. या लोकांचे देव कुठे कुठे राहतात हे लक्षात ठेवायला मला पुढे किती दिवस लागले. लाम्पोन मात्र एकाही देवाला विसरायचा नाही.

फक्त माझ्या मांडीकडे त्याने पाहिलं नाही.

"नवी ना तू?" तो भिंतीकडे बघत म्हणाला. "ते मडकं घे. येताना टेकडीखाली तिठा लागला असेल, तिथल्या देवळीपाशी ठेव. जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसेल असं. उन्हं आहेत तोवर परत ये."

घरातल्या कुणाच्या हातून हे होणार नव्हतं, म्हणून मला आणलं होतं. दळण नंतरचं. मी जागची उठले नाही. नाही म्हणावं, तर पहिल्याच दिवशी चामड्याचा पट्टा. जावं, तर हे बोट कसं सोडवायचं?

"ती नाही जाणार," फनोस्त्राती म्हणाली.

"आई, आपलं बोलणं झालंय. मी काही खुनी नाही. तिला मी देवांच्या हवाली करतोय. कुणाच्या नशिबात असेल तर तो उचलेल."

"देवांच्या हवाली? ते मी दुपारीच केलं." म्हातारीने शांतपणे जमिनीवरचं एक चुकार अंजीर उचललं आणि त्याला दाखवलं. "नव्या दासीवर ओतताना पोरगी तिच्या मांडीवर होती. हिच्या डोक्यावर पडलं, तिच्या दुपट्यावर पडलं. हेस्तियेने दोघींना घेतलंय. आता चुलीने घेतलेल्या जिवाला तू तिठ्यावर ठेवणार असशील, तर ठेव बाबा. मी म्हातारी, माझं काय, आज आहे उद्या नाही. तुला मात्र रोज या चुलीपुढे हात जोडायचे आहेत."

लाम्पोनचं तोंड पांढरंफटक पडलं. "तो विधी दासीचा होता!"

"मग झाली दासी. म्हणून काय चुलीने घेतलेलं फिरवता येतं?"

त्याने त्या अंजिराकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. म्हातारी श्वास रोखून बसली होती. आता माझ्या लक्षात आलं होतं ती काय खेळ खेळत होती. पोटच्या पोरीला दासी म्हणायचं तिच्या लेकाच्या जिवावर येईल, तो मुकाट्याने उठेल, पोरीला उचलेल, असा तिचा हिशेब होता.

पण लाम्पोन मटकन खाली बसला आणि हसायला लागला. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखा हसला.

"हे मला कसं सुचलं नाही? राहू दे. दासी म्हणून राहू दे. घरात वाढेल, कामाला लागेल. हुंड्याचा प्रश्न नाही, पापाचा प्रश्न नाही. आई, तुझं डोकं म्हणजे डोकं आहे!"

फनोस्त्रातीच्या हातातलं अंजीर खाली पडलं. असा चेहरा मी तिचा पुन्हा कधी पाहिला नाही. जिंकता जिंकता सगळंच हातचं गेलं होतं.

तेवढ्यात आतला पडदा सरकला आणि मिर्रिनी बाहेर आली. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. तिचं सोयर फिटलेलं नव्हतं, चुलीच्या आसपास फिरकायची तिला बंदी होती.

"सूनबाई, तू आत—" म्हातारी म्हणायला गेली आणि स्वतःच थांबली.

"जगेल ती," मिर्रिनी नवऱ्याला म्हणाली. आवाज बसला होता तिचा. "मोठीही होईल. मग तुमचे मित्र इथे प्यायला बसतील, तेव्हा त्यांच्या पेल्यात कोण ओतेल? हीच ओतेल. त्यातला एखादा हिचा हात धरून कोपऱ्यात नेईल, तेव्हा तुम्ही काय म्हणाल? माझी मुलगी आहे म्हणाल, की जाऊ दे, दासीच आहे म्हणाल?"

"पुरे!"

"मला सांगा ना. मला ऐकायचंय."

"मी तिचा जीव वाचवतोय मिर्रिने! आणखी काय करू? तुला तिठा बरा वाटतो का?"

मिर्रिनी आत गेली नाही. तिथेच भिंतीशी टेकून उभी राहिली. लाम्पोन उठला, त्याने कोपऱ्यातला पेला घेतला, त्यात पाणी घातलेली दारू ओतली. काहीही होवो, संध्याकाळचा विधी तो चुकवणारा नव्हता. त्यातून त्या दिवशी नवं माणूस आलेलं. घरात कुणी नवं आलं, की मालकाने संध्याकाळी चुलीला त्याची ओळख करून द्यायची, अशी त्या घराची रीत होती. नाव काय, कुठून आलं, कसं आलं. देवीला ठाऊक नसलेलं माणूस तिच्या जाळावरचं अन्न कसं खाणार?

त्याने चुलीच्या काठावर धार सोडली. "हेस्तिये, पहिला घोट तुझा, शेवटचाही तुझा." मग मला विचारलं, "कुठली तू?"

"थ्रेसची, मालक. माझं—"

"हेस्तिये, ही थ्रात्ता. थ्रेसहून आली. बाजारातून आणली. तुझी राख काढेल, तुझा जाळ राखेल."

थ्रात्ता म्हणजे थ्रेसची बाई. अथेन्सच्या गल्लीत उभं राहून हाक मारलीत, तर दर तिसऱ्या घरातून एक थ्रात्ता ओ देईल. माझं नाव झिया. ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पेला रिकामा करून तो वळला.

"मालक," मी म्हटलं, "हिचं राहिलं."

"काय राहिलं?"

"हिचं सांगायचं राहिलं चुलीला. दोघी आलोय ना आम्ही?"

लोक आजही म्हणतात, थ्रात्ता मोठी धूर्त, तिने कुंभाराला बरोबर कोंडीत पकडलं. कसली धूर्त! मला एवढीच भीती होती, की हिची ओळख करून द्यायची राहिली आणि उद्या हिला ताप आला, तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल. मी बाळाला जरा उंच धरलं, चुलीला नीट दिसावं म्हणून.

लाम्पोनने पुन्हा पेला भरला. पुन्हा धार सोडली.

"हेस्तिये, ही..."

आणि थांबला.

"हेस्तिये, ही दासी. ही..." तो खाकरला. "ही कुठून..."

जाळ चांगला पेटलेला होता. त्याच्या कपाळावर घाम आला. सोपं होतं हो! रस्त्यावर सापडली म्हणायचं. कितीतरी घरांत अशा सापडलेल्या पोरी होत्या, कोण विचारायला जातंय? त्याच्याही ते मनात आलं असणार, कारण तो म्हणाला, "ही सापड—" आणि तो शब्द काही त्याच्या तोंडून पुरा होईना.

"बोल की," फनोस्त्राती हळूच म्हणाली. "सापडली म्हण. ऐकतंय कोण? चूल तर आहे."

"आई, तू गप्प बस!"

दोन्ही मुली अक्रोड फोडायचं सोडून बापाकडे बघत होत्या. मिर्रिनीने भिंतीवरचा हात काढला होता. माझ्या मांडीवरची ती, जिचं काही खरं नव्हतं, तिने एक मोठी जांभई दिली.

लाम्पोनने डोळे मिटले. ज्या माणसाने तीन दिवस खपून स्वतःच्या मुलीसाठी मडकं घडवलं, आणि तरीही ज्याला रात्री झोप लागत असे, त्या माणसाला त्याच्या चुलीपुढे एक खोटा शब्द बोलता येत नव्हता. मी त्याच्यावर रागावले होते, अजूनही आहे. पण त्या क्षणी मला त्याची कीव आली.

"हेस्तिये," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "ही कुठून आली नाही. ही इथेच जन्मली. ही लाम्पोनची. लाम्पोन आणि मिर्रिनीची."

पेला त्याच्या हातातून निसटून राखेत पडला. तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. माती लागलेले दोन्ही हात त्याने दुपट्याखाली घातले. बाळाने माझं बोट सोडलं नव्हतं, ते मलाच सोडवावं लागलं. आणि पोरीला छातीशी धरून तो उठला आणि चुलीभोवती धावायला लागला.

"अरे गाढवा, उद्या! पाचवा दिवस उद्या आहे!" फनोस्त्राती ओरडली.

"उद्या पुन्हा धावेन!"

"आणि उजवीकडून जा, उजवीकडून!"

तो वळला, थोरल्या मुलीच्या पायात अडखळला, सावरला, उजवीकडून धावला. दोघी मुली खिदळत त्याच्यामागे. म्हातारी एकाच वेळी हसत होती, रडत होती आणि त्याला शिव्या घालत होती. मिर्रिनी जमिनीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने, गळा काढून रडली. त्या मडक्यात पुढे म्हातारीने ऑलिव्ह खारवले. चांगलं मडकं फुकट कशाला घालवायचं, म्हणाली.

पोरीचं नाव फिलिनी ठेवलं. मीच तिला न्हाऊमाखू घातलं, मीच चालायला शिकवलं, आणि लग्नात तिची वेणी घालायला तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता मी मोकळी आहे, देवळापाशी हार विकते. ती येते, लेकरांना माझ्या मांडीवर देते आणि म्हणते, "ही बघा आपली थ्रात्ता." मायेने म्हणते. तिच्याबद्दल वाकडा शब्द मी कुणाला काढू देणार नाही.

पण त्या संध्याकाळी ते सगळे चुलीभोवती धावत होते तेव्हा मी अजून तिथेच, अंजिरांच्या देठांत बसलेली होते. मांडी ऊबदार होती आणि रिकामी होती. आम्ही दोघी मिळून त्या घरात आलो होतो. तिला उचललं होतं, मी राहिले होते. आनंद झाला मला, खूप झाला. आणि त्या आनंदाच्या आतच असं काहीतरी तुटलं, की मला हुंदका आवरेना. म्हातारीला वाटलं, आनंदानेच रडते आहे. तिने माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवायचं काम माझं होतं. घर झोपलेलं होतं. मी राख बाजूला सारली, खाली एक निखारा जिवंत होता, त्याच्यावर काटक्या ठेवून फुंकर घातली. जाळ धरला. ज्या जाळापुढे मालकाला आपल्या लेकीबद्दल खोटं बोलवलं नव्हतं, त्याच जाळापुढे माझ्याबद्दल मात्र तो एकदाही अडखळला नव्हता.

मी इकडेतिकडे पाहिलं. मग खाली वाकले, ग्रीकमध्येच बोलले, कारण तिला आमची भाषा येते की नाही कुणास ठाऊक.

"हेस्तिये," मी म्हणाले, "मी झिया. दिझासची मुलगी, स्त्रिमोन नदीकाठची. मी बाजारातून आले नाही. घरातून आले."